‘यक्षांची देणगी’ आजच्या चौदा वर्षांच्या पोरीला द्यावं का?

पायथ्याचा पोरगा (सातारा)

नमस्कार मंडळी. बहिणीची मुलगी सुट्टीला आलीये, नववीत गेली. दिवसभर मोबाईल. परवा लाइट गेली होती तेव्हा कंटाळून म्हणाली, "मामा, तुझ्याकडं भुताचं नाहीतर अंतराळाचं काही आहे का वाचायला?" मी तिरीमिरीत माळ्यावर चढलो आणि जयंत नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’ हे विज्ञानकथांचं पुस्तक काढलं. माझी प्रत मोती चौकातल्या रद्दीवाल्याकडनं किलोच्या भावानं घेतलेली, पाठीला सेलोटेप.

द्यायच्या आधी म्हटलं आपणच एकदा चाळू. आणि इथं गाडी अडली. मी आठवीत वाचलं होतं तेव्हा दोन रात्री झोप नव्हती. आता वाचताना वाटलं, कल्पना अजून तशाच कडक आहेत, पण माणसं? सगळी एकाच सुरात बोलतात. एक जण विचारतो, दुसरा समजावतो, पहिला म्हणतो "अरेच्चा!" पोरीनं दहा पानांत खाली ठेवलं तर ती परत मराठी पुस्तक मागणार नाही, ही भीती.

तर प्रश्न दोन. द्यावं का? आणि द्यायचं तर कुठल्या कथेपासून? अनुक्रमणिकेच्या क्रमानं नको असं माझं मत.

हळद मार्केट (सांगली)

द्या की. एवढा काय विचार करायचा. पुस्तक आहे, औषध नव्हं.

खडूस

देऊ नका. १९७९ चं पुस्तक आहे. त्यातलं विज्ञान आता शाळेच्या पुस्तकात आलंय आणि साहित्य त्यात तेव्हाही नव्हतं. नारळीकर शास्त्रज्ञ म्हणून थोर, त्याबद्दल वाद नाही. पण कथाकार म्हणून त्यांना आपण वर्गशिक्षकाला देतो तशी सवलत देत आलो.

वाईकर

खडूसराव, सवलत कशी? पहिली कथा त्यांनी नाव लपवून पाठवली होती. मराठी विज्ञान परिषदेची १९७४ ची कथास्पर्धा. ‘कृष्णविवर’ ही कथा, आणि लेखक कोण तर नारायण विनायक जगताप. जयंत विष्णू नारळीकर यांची आद्याक्षरं उलटी केली की ना. वि. ज. होतात. हस्ताक्षर कुणी ओळखेल म्हणून पत्नी मंगलाताईंकडून ती लिहून घेतली. परीक्षकांनी जगतापांना पहिला नंबर दिला. म्हणजे नावावर नाही, कथेवर बक्षीस.

खडूस

परीक्षकांना जगताप आवडले याचा अर्थ मला आवडावेत असा होत नाही. पण किस्सा झकास, मान्य.

हळद मार्केट (सांगली)

आमच्यातल्या जगतापांनी हे वाचलं तर उद्यापास्नं सांगत फिरतील की मराठी विज्ञानकथा आमच्या घराण्यानं सुरू केली 😄

कराडचे आजोबा

मी सहसा लिहीत नाही, नातू टंकून देतो. कराडच्या साहित्य संमेलनात, १९७५ साली, मी स्वयंसेवक होतो. बिल्ला अजून ट्रंकेत आहे. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, आणि देशात आणीबाणी. आम्हा पोरांना सकाळपासून एकच काळजी, की बाई काय बोलतील आणि मांडवात काय होईल. बाई बोलल्या, जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थनाही झाली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच अध्यक्षीय भाषणात दुर्गाबाईंनी नारळीकरांच्या नव्या विज्ञानकथेची दखल घेतली होती, हे फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही. लोककथा आणि जातककथा कोळून प्यालेल्या बाईंना विज्ञानकथा परकी वाटली नाही.

मला तेव्हा त्यातलं काही कळलं नव्हतं. मी पाण्याच्या पिंपापाशी होतो.

पायथ्याचा पोरगा (सातारा)

आजोबा, दंडवत! कराडचा हा धागा माहीतच नव्हता.

निवांत

मूळ धाग्याकडे येते. मला या संग्रहाबद्दल नेहमी पडणारा प्रश्न असा: याला विज्ञानकथा म्हणायचं की अद्भुतकथा? नावातच यक्ष. आत गणपती. एका कथेत यज्ञ. लहानपणी आम्ही चांदोबातला वेताळ आणि हे पुस्तक एकाच चटईवर वाचायचो, फरक जाणवायचा नाही.

बाईंचा तास

फरक आहे. निवांत, मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

वेताळ प्रेतात शिरतो तेव्हा कसा शिरतो हे विचारायचं नसतं. विचारलं तर आजी चापट मारते. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ मध्ये मात्र ‘कसा’ हीच सगळी गोष्ट आहे. डाव्या सोंडेची मूर्ती उजव्या सोंडेची होते, क्रिकेटपटू उजव्याचा डावा होतो, आणि त्यामागं मोबियसची पट्टी. कागदाच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवायची. त्या पट्टीवरून एखादी चपटी आकृती एक फेरा मारून आली की उलटी, म्हणजे आरशातली होऊन येते. दोन मितींच्या आकृतीला त्यासाठी तिसरी मिती लागते. आपल्यासारख्या जाड माणसाला चौथी लागेल. ती असती आणि तिला असा पीळ देता आला असता तर? लेखकानं सवलत मागितली ती एवढीच. पुढचं सगळं हिशेबानं.

फक्त एक गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगते. तो माणूस आरशातला होऊन आला की उपाशी मरेल. आपल्या शरीरातली प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात ती जवळपास सगळी ‘डाव्या’ ठेवणीची. साखर ‘उजवी’. आरशातल्या माणसाला आरशातली भाकरी लागेल. आपली भाकरी तो खाईल, चावेल, पण अंगी लागणार नाही. डाव्या पायात उजवी चप्पल घालून घाट चढण्यासारखं. खात्री करायची असेल तर शहाजिरं हुंगा आणि मग स्पिअरमिंटच्या चघळायच्या गोळीचा वास घ्या. कार्व्होन नावाचा रेणू दोन्हींत आहे, फक्त एकीकडे उजवा, दुसरीकडे डावा. नाकाला लगेच कळतं, मग पोटाला कळणार नाही?

खडूस

म्हणजे कथा चुकली. धन्यवाद.

बाईंचा तास

चुकली नाही हो. त्या चुकीपर्यंत जायला कथेनंच मला ढकललं. वेताळाच्या गोष्टीनं मी शहाजिरं हुंगायला गेले नसते.

हळद मार्केट (सांगली)

बायकोनं विचारलं रात्री साडेअकराला मसाल्याचा डबा का उघडलाय. काय सांगू आता? पण बाई म्हणतात ते खरंय!

कृष्णाकाठ (सांगली)

या पुस्तकाशी माझं जरा वेगळं नातं आहे.

२०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत पाणी शिरलं. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. त्या ऑगस्टात पाणी ५७ च्या वर गेलं. २००५ चा पूर पाहिलेला असल्यानं वडील निर्धास्त होते, "तेव्हा तिसऱ्या पायरीला थांबलं होतं" म्हणून. मी पुस्तकांचं कपाट वर न्यायचं म्हणालो तर म्हणाले, आधी तांदूळ ने. तांदूळ वाचला.

पाणी ओसरल्यावर कपाटाचं दार उघडेना. आतली पुस्तकं फुगून एकमेकांत आवळून बसलेली. शेवटी वरची फळीच उचकटली. बहुतेक लगदा झाला होता. दहा-बारा धरण्यासारखी होती, ती कपड्यांच्या दोरीवर मधोमध उघडून टांगली, दर चार पानांमागं रद्दीचा कागद. आठवडाभर घरात एकच वास, चिखल, फिनेल आणि ओला कागद. ‘यक्षांची देणगी’ त्यातून वाचलं. पानं तपकिरी, कडा लाटेसारख्या. पण ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ची शेवटची पानं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. वाफ दिली, सुरी घातली, अक्षरंच निघून यायला लागली, मग सोडून दिलं.

त्यामुळे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत दुसऱ्याच जगात पोचतात, तिथं पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं, मुंबईत अजून कंपनी सरकार नांदतंय, इथवर मला माहीत आहे. पुढं काय होतं ते लहानपणी वाचलेलं अर्धवट आठवतं. नवी प्रत घेता आली असती, घेतली नाही. का ते सांगता येत नाही.

पानिपताच्या कथेत विश्वासरावांच्या कानाजवळून गोळी निसटून जाते आणि इतिहास बदलतो. आम्ही पूरवाले दरवर्षी जुलै-ऑगस्टात हाच खेळ खेळतो. तिकडं धरणातून दोन दिवस आधी पाणी सोडलं असतं तर? इकडं पाऊस चार तास उशिरा आला असता तर?

निवांत

कृष्णाकाठ, काय लिहिलंत. "तांदूळ वाचला" इथं थांबले.

वाईकर

+१

शाहूनगरी

पानिपतचा विषय निघाला म्हणून आलो. कथेत मराठे जिंकतात, पुढं पेशवे दिल्लीत मुघलांना नावापुरतं ठेवून कारभार हाकतात. ठीक. पण आमच्या साताऱ्याच्या गादीचं काय झालं? १७६१ ला गादीवर रामराजे होते. पुण्याचे प्राध्यापक दुसऱ्या जगात गेले, मुंबई फिरून आले, साताऱ्याला यष्टी नव्हती का?

हळद मार्केट (सांगली)

हसून हसून पुरेवाट. त्या जगात पण पुणे-सातारा रस्त्याचं काम चालू असणार. म्हणून मुंबईला गेले.

खडूस

हा प्रतिसाद धाग्यातला सर्वोत्तम.

आता एक गंभीर. ‘गंगाधरपंत’ ही या संग्रहातली एकमेव कथा जी मी परत वाचतो, कारण तिच्यात विनोद आहे. गृहस्थ नऊशे नव्याण्णव सभांचे अध्यक्ष झालेले. दुसऱ्या जगात आझाद मैदानावर व्याख्यान चाललंय, व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी. सवयीनं जाऊन बसतात आणि भाषण ठोकायला लागतात. त्या जगात अध्यक्ष ही भानगड कधीच बंद झालेली. लोक टोमॅटो अन् अंडी मारतात. विज्ञान म्हणून आपत्ती-सिद्धांत (छोट्या बदलानं अचानक मोठी उलथापालथ) वगैरे येतो, पण मला वाटतं लेखकाचा खरा राग अध्यक्षीय भाषणांवर होता.

वाईकर

आणि काळाचा सूड बघा, २०२१ च्या नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष तेच!

कराडचे आजोबा

अंडी नाही पडली. नातू हसतोय.

मीनाक्षी_मिरज

मला कुणी झोडपणार असेल तर झोडपा, पण कुणी तरी म्हणायला हवं. या कथांत बायका कुठं आहेत? ‘धूमकेतू’ मध्ये दत्ताबाबू रात्र रात्र दुर्बिणीला डोळा लावून धूमकेतू शोधतात. तो पृथ्वीवर आदळणार हे कळल्यावर जगभरचे शास्त्रज्ञ यान पाठवून त्याला बाजूला ढकलायची खटपट करतात. आणि घरात बायको काय करते? यज्ञाची तयारी. पुरुष शास्त्र, बाई श्रद्धा. चौदा वर्षांच्या मुलीला हे द्यायचं असेल तर तिला हे दिसणारच, आजकालच्या मुली आंधळ्या नाहीत. आणि ज्या गृहस्थांची पत्नी स्वतः गणिती होती, त्यांच्या कथेत गणिती बाई सहज आली असती की.

वाईकर

मुद्दा बरोबर. जाता जाता, मंगलाताई म्हटलं की लोकांना ते ‘वीस तीन’ च आठवतं. त्या गणिताच्या पुस्तकांच्या समितीवर होत्या. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात तेवीसऐवजी वीस तीन असंही म्हणा, एवढंच होतं, केवढा गदारोळ.

शाहूनगरी

तेवीसला तेवीसच म्हणायचं. आमच्या आईनं पाढे

निवांत

नको! तो धागा वेगळा होता, तीनशे प्रतिसाद झाले होते. इथं नको.

शाहूनगरी

बरं बरं.

बाईंचा तास

मीनाक्षीताई, सहमत. फक्त धूमकेतूबद्दल भर घालते. ती कथा लिहिली तेव्हा आकाशातला दगड यान आदळवून हलवणं हे कागदावरच होतं. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाच्या डार्ट यानानं डायमॉर्फस नावाच्या लघुग्रहावर मुद्दाम धडक दिली. तो एका मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरायचा, धडकेनंतर फेरा सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाला. कथेत अणुस्फोट होता, इथं नुसता धक्का. मुलीला आधी ही बातमी दाखवा, मग कथा द्या. म्हणजे यज्ञाच्या प्रसंगाची गंमतही कळेल. धूमकेतू टळल्यावर श्रेय कुणाचं, यानाचं की होमाचं? आमच्या शिक्षकखोलीत या प्रश्नावर अजून एकमत होणार नाही, सांगून ठेवते.

कोयनेचं पाणी (पाटण)

उशिरा आलो. सगळे नारळीकरांवर बोलताय, मला वेगळंच वाटतं. आपल्याकडची विज्ञानकथा कोण लिहिणार?

११ डिसेंबर १९६७ ची पहाट. माझी आजी सांगायची, आधी जमिनीतून मोटार गेल्यासारखा आवाज, मग गोठ्यातली म्हस ओरडली, मग भिंत. भूकंप ६.३ चा होता. धरणात साठवलेल्या पाण्यानं भूकंप होतात म्हणून कोयनेचं नाव जगभरच्या पुस्तकांत आलं. आजीचं म्हणणं वेगळं. नदीला कोंडलं, ती आतून दार वाजवतेय. आता सांगा, यातली अद्भुतकथा कुठली आणि विज्ञानकथा कुठली? भूवैज्ञानिकही शेवटी हेच म्हणतात की पाणी खाली मुरतं, भेगांतला दाब वाढतो, आणि आधीच ताणलेला खडक सरकतो. आजीनं फक्त पाण्याला बाई केलं.

आणि पुढचं ऐका. कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी प्रयोगशाळा आहे आणि आमच्या डोंगरात ३ किलोमीटर खोल भोक पाडलंय, भूकंप जिथं जन्मतो त्याच्या जवळ जाऊन बघायला. बेसॉल्टचे थर संपले की खाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक, कोट्यवधी नाही, अब्जावधी वर्षांचा. तीन किलोमीटरवरनं काढलेल्या दगडाचा गज हातात धरून उभा राहिलेला माणूस. लिहा की कुणी तरी यावर. इथं एवढे लिहिते हात आहेत, वापर काय, तर शहाजिरं हुंगायला.

हळद मार्केट (सांगली)

आमच्यावर घसरू नका राव 😄 पण "नदी आतून दार वाजवतेय" हे लई भारी. काटा आला.

खडूस

कोयनेचं पाणी, तुम्हीच लिहा. मी वाचीन. शिव्या घालीन, पण वाचीन.

निवांत

आजीच्या वाक्यानं माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं म्हणणार होते, पण नाही. आजीच्या गोष्टीत नदीला राग आहे. खडकाला राग नाही. मला अजून रागच हवा असतो गोष्टीत. नारळीकरांच्या कथांत तो कमी पडतो, एवढंच.

पायथ्याचा पोरगा (सातारा)

मंडळी, चार दिवस गायब होतो, माफी. पुस्तक दिलं.

सुरुवात बाईंच्या सल्ल्यानं नाही, माझ्याच डोक्यानं केली. गणपतीपासून. कारण क्रिकेट. पोरगी क्रिकेट बघते. वाचून संपल्यावर म्हणाली, "फेकतायत, असं होत नाही." म्हटलं करून बघ. घरात त्या दिवशी कंदी पेढ्यांचं खोकं आलेलं, आतला बटर पेपर अर्धवट पारदर्शक असतो. त्याची लांब पट्टी कापली, अर्धा पीळ, फेविकॉल. मग पट्टीवर स्केचपेननं छोटे छोटे गणपती काढत निघाली, सगळे डाव्या सोंडेचे, पाय सगळ्यांचे पट्टीच्या एकाच कडेला. पेढ्याचं तूप लागलेल्या ठिकाणी शाई धरेना, तिथला गणपती फिकट. अकरावा गणपती पहिल्याच्या बरोबर मागच्या बाजूला आला. कागद उजेडाला धरला. पहिला इकडं, अकरावा पलीकडनं दिसतोय, डोकं खाली पाय वर. ती म्हणाली, "हा तर नुसता उलटा पडलाय." पट्टी फिरवून तो सुलटा धरला. सोंड उजवीकडं.

पाच मिनिटं काही बोलली नाही. मग आईला हाक मारली. मग शेजारच्या काकूंना. काकूंनी नमस्कार केला.

मीनाक्षीताई, ‘धूमकेतू’ वाचून तिनं विचारलं, "आजी यज्ञ करते तर हे आजोबा तिला दुर्बीण का दाखवत नाहीत?" मी गप्प. दोन कथा तिला बोअर झाल्या, सरळ पानं उलटली. चालतंय.

आता ‘गंगाधरपंत’ झालंय आणि मला अडचण आलीये. तिचा प्रश्न जसाच्या तसा देतो: "हे गंगाधरपंत दोन दिवस त्या जगात होते. मग त्या जगातले गंगाधरपंत तेवढे दोन दिवस कुठं होते? इकडं आले होते का?" मला उत्तर सुचलं नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा, ती रोज विचारते.

बाईंचा तास

हा प्रश्न मला तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं विचारला नाही. मीही कधी स्वतःला विचारला नाही. थांबा, विचार करते.

कृष्णाकाठ (सांगली)

माझी तर शेवटची पानंच चिकटलेली. त्यात असेल का याचं उत्तर?

वाईकर

नाहीये. आत्ता काढून पाहिलं. शेवटी आपले गंगाधरपंत पानिपतावरच्या परिसंवादाचं हजारावं अध्यक्षपद नाकारतात. दुसऱ्यांचा पत्ता नाही.

खडूस

सोपं आहे. तिकडचे गंगाधरपंत इकडं आलेच. त्यांच्या जगात अध्यक्ष नसतो. इथं एका संध्याकाळी चार ठिकाणी दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, मानपत्र आणि ‘मी आपला फार वेळ घेणार नाही’ बघितलं आणि पहिल्या गाडीनं परत गेले.

हळद मार्केट (सांगली)

शाल नेली का सोबत?

कराडचे आजोबा

१९७५ ला मांडवात एक गृहस्थ दोन दिवस मागं उभे होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. नातू म्हणतो हे लिहू नका, लिहितोय.